सदर बेडूक भविष्य सांगत नाही

"बाबा, तुमचं टेबल चुकीच्या दिशेला आहे," मृण्मयी म्हणाली, तेव्हा चिंतामण गायधनींनी पोह्यांचा पहिला घास नुकताच तोंडात घातला होता. तो त्यांनी शांतपणे चावला. घरात टेबल एकच होतं आणि ते त्याच टेबलाशी बसले होते.

"मग कुठे हवं? ओट्याकडे सरकवायचं का?"

"हे नाही हो. कचेरीतलं."

चिंतामणरावांनी चमचा बशीत ठेवला. सरकारी कचेरीच्या आवारात, भिंतीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार टेबलं होती आणि त्यांतलं शेवटचं त्यांचं होतं. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे कागद लिहून द्यायला ते तिथे एकतीस वर्षं बसत होते. आधी हाताने लिहीत, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप होता. वय चौसष्ट. गुडघ्यांचं त्याहून दहा वर्षांनी जास्त. बसताना ते मुद्दाम फाटकाकडे पाठ करून बसत. फाटकातून आत येणाऱ्याशी नजरानजर झाली, की तो आधी 'मुतारी कुठंय' विचारतो, मग 'साहेब आलेत का' विचारतो आणि काम मात्र पलीकडच्या टेबलावरून करून घेतो, हा त्यांचा अनुभव होता. पाठ केलेली असली, की ज्याचं खरंच काम आहे तोच खांद्याला बोट लावतो.

"तुमची पाठ दाराकडे असते ना, म्हणून ची अडते," मृण्मयी म्हणाली.

"कोणाची?"

"कोणाची नाही हो. नुसती ची."

"अगं, पण ची म्हटलं की कोणाची तरी असणारच ना?"

"ऊर्जा, बाबा! चिनी लोक ऊर्जेला ची म्हणतात. फेंगशुईत सगळं तिच्यावरच असतं."

"हो म्हणा आणि खा," त्यांच्या पत्नी लतिकाबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "पोहे गार होतायत."

मृण्मयी त्यांची सून. पाच महिन्यांपूर्वी तिच्या कंपनीने नाशिकचं ऑफिस बंद केलं आणि तिच्यासकट चाळीस जणांना एका ईमेलवर घरी बसवलं. पहिले दोन महिने ती रोज नोकरीचे अर्ज पाठवायची. मग दोन दिवसांआड. मग दुपारी उशिरापर्यंत खोलीचं दार बंद राहायला लागलं. अशात तिने कुठलीशी ऑनलाइन फेंगशुईची पदविका सुरू केली आणि दार पुन्हा उघडं राहू लागलं. आता शेवटचं प्रात्यक्षिक उरलं होतं. एखाद्याच्या कामाच्या टेबलाची मांडणी करायची, एकवीस दिवस ती तशीच ठेवायची आणि रोज फोटो काढून नोंद पाठवायची. नवऱ्याचं, म्हणजे देवव्रतचं टेबल घ्यावं, तर त्याच्या ऑफिसात कोणालाच स्वतःचं टेबल नव्हतं. सकाळी जो आधी पोचेल त्याला खुर्ची. लतिकाबाईंच्या बहिणीचं कॉलेज रोडला पार्लर होतं, तिने "आमच्याकडे आरसे आधीच फार आहेत" म्हणून टाळलं. राहता राहिले सासरे.

चिंतामणरावांनी सुनेकडे पाहिलं. समोर वही होती, वहीत चार रंगांच्या पेनांनी आखलेला त्यांच्या शेडचा नकाशा होता. मोजमापं ती कधी घेऊन आली होती कोण जाणे.

"एकवीसच दिवस ना?" त्यांनी विचारलं.

"एकवीसच."

"बघ बाई काय करायचं ते."

रविवारी कचेरी बंद असताना मृण्मयी आणि देवव्रत जाऊन सगळं मांडून आले. सोमवारी सकाळी चिंतामणराव डबा आणि लॅपटॉप घेऊन शेडशी पोचले आणि आपलं टेबल शोधत दोनदा मागेपुढे झाले. टेबल रांगेतून बाहेर काढून तिरकं केलं होतं, पाठ भिंतीला, तोंड फाटकाकडे. त्यावर लालभडक कापड. डाव्या कोपऱ्यात बांबूची रोपं, उजवीकडे बॅटरीवर चालणारं वाटीएवढं कारंजं, वर पत्र्याच्या आडव्या पाइपाला टांगलेला काचेचा लोलक. एक पोटसुटा हसरा बुद्ध. लाल दोऱ्यात ओवलेली तीन नाणी. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तोंडात नाणं धरलेला, लाल डोळ्यांचा, तीन पायांचा पितळी बेडूक.

शेडच्या तोंडाशी झेरॉक्स मशीन चालवणारा झुंबर हातातला चहा विसरून बघत उभा होता.

"काका, धंदा बदलला का?"

"सुनेचा अभ्यास आहे."

"कशाचा?"

"ची चा," असं म्हणून चिंतामणराव खाली बसले. त्यांना पुढे बोलायचा कंटाळा आला होता.

साडेदहाच्या सुमाराला एक म्हातारी फाटकातून आत आली. घोटीकडची, कुसाबाई नावाची. हातात प्लास्टिकची पिशवी. ती थेट चिंतामणरावांकडे आली, स्टुलावर बसली, बेडकाला हात जोडले आणि उजवा तळवा त्यांच्यापुढे पसरला.

"आजी, काय काम आहे?"

"आता म्या काय सांगू? तुमाला दिसतंयच की."

"अहो, सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

"समोर बसलंय त्याला समदं कळतंय." तिने बेडकाकडे मान हलवली. तळवा तसाच.

चिंतामणरावांनी सुस्कारा सोडला. वाद घालण्यापेक्षा पिशवीतले कागद ओढून घेणं सोपं होतं. सातबारा होता, मृत्यूचा दाखला होता, आणि तलाठ्याने परत पाठवलेला एक अर्ज होता. त्यांनी चष्मा वर केला.

"मालक मागच्या आषाढात वारले. जमिनीला तुमची आणि मुलांची नावं लावायचीयत. मुलगे तीन. दोघांच्या सह्या आहेत, धाकट्याची नाही."

म्हातारीने पसरलेला हात तोंडावर नेला.

"सहादू. चार वर्सं झाली, भांडून गेला. यील का वो त्यो?"

"येईल. त्याच्या पत्त्यावर नोटीस जाईल. जमिनीची नोटीस गेली की माणूस येतो, आजी. एकतीस वर्षं बघतोय मी."

पुढे ते नोटिशीचं सविस्तर सांगणार होते, पण कुसाबाईने 'येईल' एवढंच ऐकलं होतं. चिंतामणरावांनी अर्ज लिहून दिला. उठताना तिने कारंज्यात एक सुपारी सोडली. सुपारी अडकून पाणी उडायचं बंद झालं, तेव्हा चिंतामणरावांना जरा बरं वाटलं, कारण त्या बुडबुड आवाजाने त्यांना सकाळपासून तीनदा मुतारीकडे जावं लागलं होतं.

शुक्रवारी सावळीराम आला. निफाडचा द्राक्षबागायतदार, नवी कोरी गाडी, कानाला फोन. बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा करून घ्यायला आला होता. पण त्याचं अर्धं लक्ष आभाळाकडे आणि अर्धं बेडकाकडे.

"काका, एक विचारू? माल उतरायला आलाय. व्यापारी म्हणतो पुढच्या शुक्रवारी काढू. मधी पाऊस तर नाय ना हाणणार? लय भ्या वाटतंय."

चिंतामणरावांचा लॅपटॉप बेडकाच्या मागेच होता. त्यांनी मान वाकवून हवामानाचं पान उघडलं. "बुधवारी संध्याकाळी येईल म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"हे काय, इथे."

सावळीरामला लॅपटॉप दिसत नव्हता. त्याला दिसले बेडकावर वाकलेले चिंतामणराव. त्याने दोन दिवस राबून बाग मंगळवारीच उतरवली आणि बुधवारी संध्याकाळी निफाडला बोरांएवढ्या गारा पडल्या.

त्याच आठवड्यात वापीहून सहादू घरी आला. नोटीस हातात घेऊन, भांडायच्या तयारीने. पण आईला बघून दारातच बसला म्हणे. हे सांगायला कुसाबाई नारळ, हार आणि पाच किलो तांदूळ घेऊन आली. हार तिने बेडकाला घातला. बेडूक त्यात पूर्ण बुडाला, फक्त डोळे वर राहिले.

त्यानंतर रांग सुरू झाली.

चिंतामणरावांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. बेडूक खणात ठेवला, तर लोक म्हणू लागले, बाबा तो खास लोकांनाच दाखवतात. 'येथे भविष्य सांगितले जात नाही' असा छापील कागद भिंतीला चिकटवला, तर एकाने दुसऱ्याला समजावलं, "खरी मान्सं असंच म्हनत्यात. जो सांगतो म्हनतो त्यो फसवा." कागद काढला, तर आता सांगायला लागले म्हणून गर्दी वाढली. शेवटी काही न करणं हेच सगळ्यांत कमी दमवणारं आहे, असं त्यांनी ठरवलं. झुंबरने मात्र उत्साहाने बिघडलेल्या झेरॉक्स कागदांच्या पाठीवर आकडे लिहून नंबर वाटायला सुरुवात केली. सकाळी नऊ वाजता तो फाटकाशी ओरडायचा, "बेडूकवाल्या काकांचे नंबर इकडे! अर्जवाल्यांनी पलीकडे जा!"

आणि अर्जवाले खरोखरच पलीकडे जाऊ लागले. वकिलांचे कारकून एकतीस वर्षं न विचारता चिंतामणरावांपुढे फायली टाकायचे, ते आता त्या लाल कापडाकडे बघून बिचकायचे आणि शेजारच्या टेबलावर बसायचे.

समोर येणाऱ्या माणसांना चिंतामणराव काही वेगळं सांगत होते असं नाही. ते कागद मागत, कागद वाचत आणि कागदात जे लिहिलं असेल ते सांगत. नांदगावचा एक गृहस्थ मुलीला आलेल्या स्थळाची माहिती घेऊन आला. मुलगा कसा निघेल, एवढंच त्याला विचारायचं होतं. चिंतामणरावांनी कागद खालीवर वाचला. जन्म एकोणीसशे शहाण्णव. दहावी उत्तीर्ण दोन हजार पाच.

"मुलगा फार हुशार दिसतो," ते म्हणाले. "नवव्या वर्षी दहावी झालाय."

गृहस्थाने बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग बेडकाला वाकून नमस्कार केला आणि सोयरीक मोडायला निघून गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं मृण्मयीला सांगावं असं चिंतामणरावांना रोज वाटे. रोज चप्पल काढेपर्यंत वाक्य तयार असे. पण ती दारातच फोन पुढे करायची.

"बाबा, आजचा फोटो आला? झुंबरदादांनी पाठवला का? अय्या, किती माणसं! बघा, मी म्हटलं नव्हतं? पहिल्या दिवशी सहा जण होते, आज सव्वीस!" वहीत तिने हिरव्या पेनाने एक रेघ काढली होती. ती रेघ पानाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली होती. आता ती सकाळी सहाला उठत होती, केस धूत होती, फोनवर मैत्रिणींशी बोलत होती. चिंतामणराव म्हणायचे, "हो, बरीच माणसं होती," आणि पाय धुवायला जायचे.

"अहो, भाजीवाली विचारत होती," एकदा लतिकाबाई म्हणाल्या. "तुमचे हे ते बेडूकवाले का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, नाही, ते दुसरे. नाहीतर तिने मेथीचा भाव वाढवला असता ना."

सोळाव्या दिवशी मोडलेल्या सोयरिकीतल्या नवरदेवाचा मामा शेडमध्ये आला. दंड भरदार, आवाज त्याहून भरदार.

"आमच्या महेशचं लग्न मोडणारा तूच का रे बुवा?"

"मी बुवा नाही. मी अर्ज लिहून देतो."

"मग माझाबी अर्ज लिहून दे. तुझ्याच नावानं!"

चिंतामणराव दमलेले होते. त्यांनी सवयीने विचारलं, "कोणाच्या नावे द्यायचा?"

मामा तसाच मुख्य इमारतीत गेला आणि तोंडी तक्रार करून आला. दुसऱ्या दिवशी चिंतामणरावांच्या हातात नोटीस पडली. 'आपण कार्यालयाच्या आवारात भविष्यकथन व तत्सम प्रकार करीत असल्याबाबत तक्रार प्राप्त झाली आहे. आपली बसण्याची परवानगी रद्द का करण्यात येऊ नये, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

त्यांनी ती दोनदा वाचली. असे शेकडो खुलासे त्यांनी दुसऱ्यांना लिहून दिले होते. अतिक्रमण केलेल्यांना, झाडं तोडलेल्यांना, दोन ठिकाणी एकाच वेळी हजर असलेल्यांना. त्यांतला एकही लिहिताना हात अडखळला नव्हता. आता लॅपटॉप उघडून ते दुपारभर बसले. रांगेतल्यांना झुंबरने सांगितलं, "आज काकांचं मौन आहे," तर लोकांनी मौनाच्याही पाया पडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी एकदाचा खुलासा झाला:

'१. मी भविष्य सांगत नाही व यापूर्वी कधीही सांगितलेले नाही. २. टेबलावरील लाल कापड, बांबू, कारंजे (बंद) व बेडूक (पितळी, एक) ही सामग्री माझ्या सुनेच्या अभ्यासक्रमाचा भाग असून तिचा माझ्या कामाशी संबंध नाही. ३. सदर बेडूक भविष्य सांगत नाही. ४. सदर बेडूक येत्या रविवारी घरी नेण्यात येईल.'

झुंबरने प्रत काढता काढता वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "काका, चौथा मुद्दा काढता नाही येणार का?"

तो शुक्रवार. एकविसावा दिवस रविवारी पडत होता, पण शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणून हाच शेवटचा. शेवटचा फोटो स्वतः काढायचा म्हणून मृण्मयी स्कूटरवरून आली. फाटकातून आत आली, रांग पाहिली आणि हरखून गेली. मग रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुमचं काय काम आहे, मावशी?"

"म्हैस हरवली," मावशी म्हणाली. "बेडूक सांगतोय म्हने."

मृण्मयी तिथेच थांबली. हळूहळू पुढे आली, एकेकाचं ऐकत. टेबलाशी पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता.

"बाबा, ही माणसं... ही कशासाठी येतायत?"

चिंतामणरावांनी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं. आणि नेमके तेव्हाच खुलासा हातात घेऊन साहेब स्वतः पायऱ्या उतरून येताना दिसले. मागे दोन कारकून. रांग बाजूला झाली. साहेब पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, तीन वर्षांत चार बदल्या झालेले.

"गायधनी, हा तो बेडूक?"

"हो साहेब."

"हा काही सांगत नाही?"

"नाही साहेब."

"मग त्या घोटीच्या बाईला मुलगा येईल म्हणून कोणी सांगितलं?"

"नोटीस गेली की वारस येतात, साहेब. तुमच्याच खात्याची नोटीस होती."

"आणि पाऊस?"

"हवामान खातं."

"आणि ती सोयरीक?"

"वजाबाकी, साहेब."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी लोलकाकडे पाहिलं. "मग हे सगळं कशाला मांडलंय?"

"ते मी मांडलंय, सर," मृण्मयी पुढे आली. एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. "बाबांचा काहीच दोष नाही. माझा कोर्स आहे. माणसाची पाठ दाराकडे असली ना सर, की तो सतत दचकलेला राहतो. कोण येतंय, काय आणतंय, काही कळत नाही. झोप लागत नाही, वरिष्ठ अचानक विचारणा करतात, एका जागी टिकणं होत नाही. म्हणून पाठ भिंतीला घ्यायची आणि तोंड दाराकडे. बस, इतकंच. भविष्याचा काही संबंध नाही."

साहेबांनी खुलाशाच्या कागदाची घडी केली.

"एका जागी टिकणं होत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो सर."

साहेबांनी कारकुनांकडे वळून पाहिलं. "तुम्ही जा. रांग मोकळी करा." मग मृण्मयीला म्हणाले, "जरा आत येता का? माझ्या केबिनमध्ये माझी पाठ... म्हणजे तुम्ही एकदा बघाच."

मृण्मयी आत गेली ती सव्वा तासाने बाहेर आली. हातात मोजपट्टी, कानावर पेन.

"काय झालं?" चिंतामणरावांनी विचारलं.

"खूपच अडलीये, बाबा."

"कोणाची?"

"साहेबांची." ती स्कूटरकडे धावली. "रविवारी यायचंय मला. नकाशा काढायला हवा!"

खुलासा मान्य झाला. रविवारी टेबलावरचं सगळं सामान उतरून साहेबांच्या केबिनमध्ये गेलं, साहेबांचं टेबल फिरलं, पडदे बदलले. सोमवारी चिंतामणराव रिकाम्या, लाकडी, उघड्या टेबलाशी बसले आणि त्यांना वाटलं, संपलं एकदाचं. टेबल तेवढं तिरकं राहिलं होतं. दुपारी सरळ करू म्हणून त्यांनी डबा उघडला, तेवढ्यात शिपाई आदेश घेऊन आला. 'शेडमधील टेबल क्रमांक चार तत्काळ हलवून अभिलेखकक्षाच्या मागील बाजूस नेण्यात यावे.' कारण दिलेलं नव्हतं.

कारण रात्री जेवताना कळलं. मृण्मयीने भाताला हातही लावला नव्हता.

"बाबा, माझ्याकडून एक चूक झाली."

"काय?"

"साहेबांच्या खुर्चीत बसून बघितलं ना, तर खिडकीतून एक कोपरा नेमका छातीवर येतो. टोकदार. त्याला विषारी बाण म्हणतात. मी अहवालात लिहिलं, तो बाण हटवल्याशिवाय काही उपयोग नाही."

"मग?"

"तो तुमच्या टेबलाचा कोपरा होता. आतून मला ओळखूच आला नाही."

देवव्रतने ठसका लागल्यासारखं केलं आणि पाणी प्यायला. लतिकाबाई म्हणाल्या, "म्हणजे तूच तिरकं केलंस आणि तूच हटवलंस."

"मी उद्या जाऊन सांगते त्यांना," मृण्मयीचे डोळे भरले. "नुसतं सरळ केलं तरी चालेल म्हणून. एका मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," चिंतामणराव म्हणाले. "त्यांना आत्ताच कुठे बरं वाटायला लागलंय. तू जेव. तुझा निकाल कधी आहे?"

निकाल आठ दिवसांत लागला, पहिल्या श्रेणीत. साहेबांनी आपल्या मेव्हण्याच्या दवाखान्याला तिचं नाव सांगितलं, मेव्हण्याने एका वकिलाला सांगितलं. ती मोजपट्टी घेऊन शहरभर फिरू लागली.

अभिलेखकक्षाच्या मागे एक जांभळाचं झाड होतं, एक गळका नळ होता आणि जप्त केलेल्या तीन मोटारसायकली गंजत उभ्या होत्या. पहिल्या दिवशी चिंतामणरावांनी टेबल झाडाखाली लावलं आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. त्यांनी डबा शेवटच्या शितापर्यंत सावकाश खाल्ला. वारा होता. 'मुतारी कुठंय' विचारायला माणूस नव्हता. म्हैस कोणाची हरवली नव्हती. ज्यांची खरी कामं होती ते फोन करून, वाट विचारत, इमारतीला वळसा घालून येत होते, शेजारी बसत होते आणि काम सांगत होते. वकिलांचे कारकूनही एकेक करून परतले. पाचव्या दिवशी चिंतामणरावांच्या लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आपले गुडघे दुखत नाहीयेत, कारण कोणाला बघून उठावंच लागलं नाही.

सहाव्या दिवशी झुंबर आला. बरोबर शेडमधले बाकीचे तिघं टेबलवाले.

"काका, तुमच्यावर लय अन्याय झाला," झुंबर म्हणाला. "एकतीस वर्षं काढली तुम्ही तिथं. शेड कशी ओस पडलीय. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, साहेबांकडे अर्ज द्यायचा. गायधनी काकांना मूळ जागी परत आणा म्हणून. सगळे सह्या करतो. झेरॉक्सवाले, चहावाला, सगळे."

"अरे, कशाला उगाच..."

"नाय काका, तुम्ही काही बोलायचं नाय. फक्त लिहून द्या. तुमच्याइतका पक्का अर्ज दुसऱ्या कोणाला येतो इथं?"

चौघंही त्यांच्याकडे बघत उभे राहिले. चिंतामणरावांनी लॅपटॉप पुढे ओढला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आदेशाचा क्रमांक लिहिला. आपली एकतीस वर्षांची सेवा, आपला सचोटीचा व्यवहार, जनतेची होत असलेली गैरसोय, सगळं त्यांनी सविस्तर आणि इतकं कळवळून लिहिलं, की झुंबरने वाचताना दोनदा डोळे पुसले. सगळ्यांच्या सह्या झाल्या.

"काका, यावर नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही," झुंबर म्हणाला आणि अर्ज छातीशी धरून आवक खिडकीकडे निघाला.

चिंतामणराव त्याला वळणापर्यंत जाताना पाहत राहिले. मग त्यांनी पाय लांब केले आणि डोळे मिटले. त्या खिडकीवर तारीख नसलेला अर्ज घेत नाहीत, आणि एकतीस वर्षांत त्यांनी आज पहिल्यांदाच तारीख टाकली नव्हती.